पूर्वेची मेल, पश्चिमेची मेल

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, इटियाडोह धरणाच्या जलाशयापासून फारसा दूर नसलेला, अरण्याने वेढलेला एक डोंगर आहे, आणि त्या डोंगरावरील जुन्या गढकोटाचे नाव प्रतापगड असे आहे. साताऱ्याकडील प्रतापगडाशी त्याचे नामसाधर्म्यापलीकडे काही नाते नाही. अफजलखानाच्या वधाची कथा ऐकावयास मिळेल या अपेक्षेने कोणी तेथे गेलाच, तर त्याच्या वाट्यास पडझड झालेले दगड, सागाची आणि तेंदूची झाडे, व गोंड राजवटीच्या पुसट आठवणी एवढेच येईल. परंतु महाशिवरात्रीच्या सुमारास तेथे जी यात्रा भरते, ती मात्र पाहण्यासारखी असते. एकीकडे महादेवाचे स्थान आणि दुसरीकडे ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गा, अशा दोन्ही ठिकाणी मस्तक टेकवून परतणारी माणसे विदर्भातून आणि छत्तीसगडातूनही येतात, आणि एरवी एकमेकांचे तोंडही न पाहणाऱ्या गावांतले लोक दोन-तीन दिवस एकाच पायवाटेने चढउतार करतात. पायथ्याकडे, १९७२ च्या सुमारास वसवलेली तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तिच्यातील कुटुंबे हिवाळा लागताच लोकरीच्या कपड्यांची गाठोडी बांधून दूरच्या शहरांकडे निघतात आणि मोसम सरल्यावर परततात. तात्पर्य, ज्याला आपण आडवळण म्हणतो त्या या गावाला परक्या माणसाचे येणे आणि घरच्या माणसाचे जाणे, दोन्ही अपरिचित नाहीत.

अपरिचित आहे ते विनाकारण जाणे. धानाच्या मुलखात माणूस घर सोडतो तो देवासाठी, दवाखान्यासाठी, दाव्यासाठी किंवा दाम मिळवण्यासाठी. ‘आठ दिवस जरा जीव रमवून येतो’ एवढ्या कारणावर घराबाहेर पडण्याची वहिवाट येथे अगदी अलीकडची आहे. म्हणूनच ज्या पुरुषाचे मन पुरुषावर जडते, आणि ज्याला वर्षातून एखादा आठवडा तरी आपल्या जोडीदारासह, किंवा जोडीदाराच्या शोधात, कोणाच्याही नजरेच्या पहाऱ्याबाहेर काढावयाचा असतो, त्याच्यापुढे पहिला प्रश्न पैशाचा नसून निमित्ताचा असतो. पाश्चात्त्य देशांत अशा प्रवासाचा आता एक रीतसर व्यापार झाला आहे. सान फ्रान्सिस्को बरे की ग्रीसमधले मिकोनोस बेट बरे, असा खल तेथील प्रवासी उघडपणे करतात. प्रतापगडच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला तीच निवड करावयाची झाली, तर त्याच्यापुढे कोणती दोन शहरे उभी राहतात, आणि ती तशी का उभी राहिली, याचा इतिहास मला अधिक रोचक वाटतो, कारण तो इतिहास रूळांनी लिहिलेला आहे.

रूळांच्याही आधी कायदा आला होता. नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर हा मुलूख इंग्रजी अंमलाखाली गेला, १८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला, आणि दुसऱ्याच वर्षी, १ जानेवारी १८६२ पासून, भारतीय दंड संहिता लागू झाली. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये जिचा मसुदा सादर केला, आणि १८६० मध्ये जिच्यावर शिक्कामोर्तब झाले, त्या या संहितेचे ३७७ वे कलम ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संभोगास आजन्म कारावासापर्यंत शिक्षा फर्मावणारे होते. आणि हे सारे काम झाले ते कलकत्त्यात, कारण राजधानी तेथे होती. त्या वेळी आगगाडी नागपूरलासुद्धा पोचली नव्हती. ती १८६७ साली पोचली. म्हणजे भंडाऱ्याच्या तहसिलीतील एखाद्या इसमाने आगगाडीचा धूर पाहण्यापूर्वीच, त्याने कधी न पाहिलेल्या एका शहरात, त्याच्या शेजघरासंबंधी हुकूम निघून चुकला होता. विनोद असा, की त्या हुकुमाच्या धाकातून आठ दिवस सुटका हवी असणाऱ्याला पुढे ज्या दोन शहरांची वाट धरावी लागली, त्यांपैकी एक तेच होते.

१८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिने नागपूरहून छत्तीसगडाकडे जाणारा आधीचा अरुंद मार्ग आपल्या ताब्यात घेऊन रुंद केला व पूर्वेकडे वाढवला, आणि १९०० साली रूपनारायण नदीवरचा पूल झाल्यावर गाड्या थेट हावड्यापर्यंत जाऊ लागल्या. याच मार्गावर गोंदिया हे जंक्शन उदयास आले; उत्तरेकडे जबलपूरला आणि दक्षिणेकडे चांद्याला जाणारे नॅरोगेजचे फाटे येथूनच फुटले. चांद्याच्या फाट्यावरचे अर्जुनी हे प्रतापगडला सोयीचे स्थानक. त्या छोट्या गाडीने डुलत गोंदियाला यावे, आणि पुलावरून सामान उचलून थोरल्या रुळावरच्या फलाटावर उभे राहावे, हा क्रम नव्वदीच्या दशकात तो फाटा ब्रॉडगेज होईपर्यंत चालू होता. आता त्या फलाटाची एक गंमत सांगण्याजोगी आहे. हावड्याहून नागपूरमार्गे मुंबईस जाणारा लोहमार्ग १९६८ किलोमीटरचा आहे. गोंदियापासून हावडा सुमारे १००० आणि मुंबई सुमारे ९७० किलोमीटर पडते. हिंदुस्थानच्या दोन महानगरांच्या इतक्या नेमक्या मधोमध उभे असलेले, आणि तरीही त्या दोहोंपैकी एकाचेही उपनगर नसलेले दुसरे गाव मला ठाऊक नाही. एका फलाटावरून पूर्वेची मेल सुटते, समोरच्यावरून पश्चिमेची. दोन्हीकडे जवळपास तेवढाच प्रवास आणि जवळपास तेवढेच भाडे.

नागपूरचे काय, असे कोणी विचारील. नागपूर अडीच तासांवर आहे, तेथे अशा माणसांसाठी काम करणारी सारथी ट्रस्टसारखी संस्था आहे, २०१६ मध्ये तेथे अभिमानयात्राही निघाली. परंतु गोंदिया-भंडाऱ्याच्या माणसाला नागपूर म्हणजे घरचीच ओसरी. सीताबर्डीवर दहा पावले चालावे आणि अकराव्या पावलाला मामेभाऊ भेटावा. सहलीला ओसरीवर जात नाहीत.

मग राहिली मुंबई आणि कलकत्ता. यांपैकी मुंबईची निमित्ते मुबलक. मंत्रालयात अडकलेली फाईल, टाटा रुग्णालयात दाखल असलेला कोणी आप्त, ६ डिसेंबरची चैत्यभूमी, नोकरीची मुलाखत, डोंबिवलीस राहणाऱ्या मावशीची चौकशी, यांपैकी कोणतेही कारण सांगितले तरी गावात पुढचा प्रश्न येत नाही. पण निमित्ताची ही मुबलकताच मुंबईचा दोष ठरते. ज्या शहरात प्रत्येक गावाचे कोणी ना कोणी राहते, तेथे जाणाऱ्यासोबत तुपाची बरणी, धाकट्याच्या मुंजीची पत्रिका आणि ‘तिकडे उतरलास की फोन कर’ ही ताकीद पाठवली जाते. आमदार निवासाच्या आवारात आपल्या तालुक्याचा माणूस हमखास दिसतो. आणि दादरच्या पुलावर एखाद्या तरुणाचा हात हातात घेऊन चालताना मागून ‘काय गुरुजी, इकडे कुठे?’ अशी झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाच्या, हेलातली हाक येणारच नाही, याची हमी कोणीही देऊ शकत नाही. कलकत्त्याची निमित्ते मोजकी, पण भरभक्कम. गंगासागर, कालीघाट, दक्षिणेश्वर, बेलूर मठ. जमल्यास परतताना जगन्नाथपुरी. तीर्थयात्रेला निघालेल्या माणसाची उलटतपासणी करण्याची आपल्याकडे चाल नाही. उलट शेजारी येऊन नमस्कार करतात आणि प्रसाद आणण्याविषयी बजावतात. शिवाय हावड्याच्या पुलापलीकडे मराठी बोलणारा माणूस औषधालाही सापडणे कठीण. जो सापडेल, तो प्रतापगडचा असण्याचा संभव शून्य. माझा तर असा कयास आहे, की अशा प्रवाशाने शहराची पारख त्यात काय आहे यावरून कधीच केली नाही. आपल्या गावाचा किती अंश त्यात नाही, यावरून केली.

या ठिकाणी लॉजच्या नोंदवहीविषयी चार शब्द लिहिले पाहिजेत. १८६७ च्या सराय कायद्याने, दंडाधिकाऱ्याने मागितल्यास उतारूंची माहिती कळवण्याची सक्ती केली, आणि पुढे शहरागणिक पोलिसांनी तीत आपापली भर घातली. ती लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची वही ज्याने पाहिली आहे त्याला तिच्यातले रकाने आठवतील : नाव, वय, कायमचा पत्ता, कोठून आलात, कोठे जाणार, येण्याचे प्रयोजन, आणि सोबतच्या इसमाशी नाते. स्त्री व पुरुष एकत्र आले, की हा शेवटचा रकाना व्यवस्थापकाच्या कपाळावर आठी उमटवतो. मंगळसूत्राकडे नजर जाते, आडनावे जुळतात का ते पाहिले जाते, कधी लग्नाचा दाखला मागितला जातो. दोन पुरुष आले, तर तो मान वर न करता ‘मित्र’ असे स्वतःच लिहून टाकतो, खिळ्यावरची किल्ली काढतो आणि गरम पाणी सकाळी सातपर्यंतच मिळेल एवढे सांगतो. ज्या समाजात हे प्रेम कायद्याने गुन्हा ठरले होते, त्याच समाजाने आपल्या कल्पनादारिद्र्यामुळे त्याला बिनदिक्कत खोली दिली. दोन स्त्रियांना मात्र ही सवलत कधी मिळाली नाही, कारण त्यांचे प्रेम ओळखण्याआधीच त्यांचे एकटे फिरणे संशयास्पद ठरलेले असे. त्यामुळे मी जो इतिहास सांगतो आहे तो मुख्यतः पुरुषांचा आहे, हे नमूद करणे भाग आहे.

दोन्ही शहरांच्या स्वभावातला भेद आता पाहू. मुंबईत या विषयाची वाचा प्रथम छापखान्यातून फुटली, आणि तीही मराठीत. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ च्या जुलैत ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले व १९५३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, ते चालवले. वाचकांच्या खाजगी प्रश्नांना त्यात जी निर्भीड उत्तरे छापली जात, त्यांत समलिंगी संबंधांविषयीचीही असत, आणि अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली त्यांची बाजू बॅरिस्टर आंबेडकरांनी मांडली. खटला हरला, दोनशे रुपये दंड झाला, मासिक चालूच राहिले. याच सुमारास, १९३१ मध्ये, बर्लिनमध्ये लैंगिक विज्ञानाची संस्था चालवणारे माग्नुस हिर्शफेल्ड हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले होते. त्यांनी कलकत्ता आणि मुंबई दोन्ही पाहिली. आणि दीडच वर्षात, १९३३ च्या मे महिन्यात, त्यांच्या संस्थेचे ग्रंथालय नाझींनी जाळले. बर्लिन हे तोवर युरोपातील अशा प्रवाशांचे मोठे आकर्षण होते. एखादे शहर या माणसांना किती काळ आसरा देईल याचा भरवसा नसतो, याची ती साक्ष होय.

पुढे विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये रंगमंचावर आले, आणि १९९० साली अशोक राव कवी यांनी ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक काढले. मुंबईचा पिंड व्यवहारी. जे करावयाचे ते संस्था काढून, पत्ता लावून, वेळापत्रक ठरवून करावयाचे. १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याला वाकोल्यातल्या महापालिकेच्या इमारतीत जागा मिळाली. ज्या कृत्याला सरकारदरबारी गुन्हा म्हणत, त्याविषयी मनमोकळे बोलण्याची बैठक सरकारी छपराखाली भरावी, हे मुंबईतच होऊ जाणे. १९९५ मध्ये स्त्रियांनी स्त्री संगम उभा केला. कुलाब्यात आर्थर बंदर रोडवरील वूडूज नावाच्या पबात शनिवारच्या रात्री कोणती मंडळी जमतात हे त्या दशकात माहीतगारांना सांगावे लागत नसे. १६ ऑगस्ट २००८ रोजी ऑगस्ट क्रांती मैदानापासून गिरगाव चौपाटीपर्यंत या मंडळींचा मोर्चा निघाला. स्वातंत्र्यदिनाचा दुसरा दिवस आणि ‘छोडो भारत’चे मैदान ही निवड अर्थातच सहेतुक होती. २०१० पासून कशिश हा चित्रपट महोत्सव भरू लागला. थोडक्यात, मुंबईत प्रवाशाला सर्व काही मिळते, फक्त ते शनिवारी मिळते, आणि प्रवेशमूल्य देऊन मिळते. सोमवार ते शुक्रवार तिला लोकल पकडावयाची असते. मोफसल भागातून आलेल्या, इंग्रजी बेताचेच असलेल्या, खिशात आठ दिवसांचा हिशेब घडी करून ठेवलेल्या माणसाला त्या झगमगाटात आपण येथेही आगंतुकच आहोत असे वाटून गेले, तर ते मी समजू शकतो.

कलकत्त्याचे वळण निराळे. तेथे १९९३ मध्ये काउन्सेल क्लब निघाला आणि त्याच्यामार्फत ‘प्रवर्तक’ हे नियतकालिक. नावातच बंगाली भारदस्तपणा. पत्रपेटीच्या क्रमांकावर आलेल्या पत्रांना सविस्तर उत्तरे लिहिणे, ठरलेल्या वारी कोणाच्या तरी बैठकीत जमणे, आणि चहाच्या भांड्यावर भांडे रिचवीत वाद घालणे, हा त्या शहराचा धर्म. आणि जो धर्म क्रिकेटला, कवितेला व साम्यवादाला लागू, तो याही विषयाला लागू झाला. १९९९ च्या जूनमध्ये साफो ही स्त्रियांची संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी २ जुलैला पार्क सर्कसच्या मैदानातून पंधरा जण पिवळे सदरे घालून पायी निघाले. या ‘मैत्री पदयात्रे’त मुंबईहून गेलेलेही काही होते, आणि आज दक्षिण आशियातील पहिली अभिमानयात्रा म्हणून तिचाच दाखला दिला जातो. मुंबईच्या नऊ वर्षे आधी! ज्या शहरात कलम ३७७ जन्मले त्याच शहराच्या रस्त्यावर त्याच्याविरुद्ध पहिले पाऊल पडले, यात मला काव्यगत न्यायापेक्षा बंगाली हट्टीपणाच अधिक दिसतो. पुढे ऋतुपर्ण घोष यांच्यासारख्या लोकप्रिय दिग्दर्शकाने स्वतःच्या देहाचा आणि वेषाचा प्रश्न पडद्यावर मांडला; २०१२ मध्ये ‘चित्रांगदा’ आला, दुसऱ्या वर्षी ते वारले, आणि त्यांना निरोप देण्यास नंदन चित्रपटगृहाच्या आवारात गर्दी लोटली.

या बाबतीत झाडीपट्टीच्या माणसाला कलकत्ता मुंबईपेक्षा जवळचा वाटावा, असे मला वाटते, आणि त्याचे कारण दंडार हे आपले लोकनाट्य. दिवाळीनंतर आपल्याकडे जो नाटकांचा हंगाम सुरू होतो, त्याच्या मुळाशी दंडार आणि खडी गंमत आहेत, आणि त्यांत पुरुषच लुगडे नेसून स्त्रीची भूमिका करीत आले आहेत. लुगडे नेसणारा प्रत्येक नट पुरुषावर प्रेम करतो असे मानणे हा शुद्ध अडाणीपणा होईल. पण रात्रभर ते सोंग पाहणाऱ्या गावाच्या अंगी एक प्रकारची सहनशीलता मुरते, आणि बंगाली जात्रेच्या प्रेक्षकांच्याही अंगी ती मुरलेली होती, कारण तेथेही पुरुषच राण्या होत असत. असो, हा माझा तर्क आहे, दप्तरी पुरावा नव्हे.

कायद्याच्या बाजूने चित्र पालटले ते एका सरळ रेषेत नव्हे. २ जुलै २००९ रोजी, म्हणजे कलकत्त्याच्या पदयात्रेच्या बरोबर दहाव्या वाढदिवशी, दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीचे खाजगी संबंध कलमातून वगळले. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने एकमताने तो पुन्हा, आणि कायमचा, दिला. याच न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने मात्र अशा जोडप्यांना विवाहाचा हक्क दिला नाही, त्यामुळे नोंदवहीतला तो शेवटचा रकाना अजून ‘मित्र’ याच शब्दावर थांबलेला आहे. दरम्यान मोबाइल आला. पूर्वी पत्रपेटीच्या उत्तराची महिनाभर वाट पाहणाऱ्याला आता अर्जुनीच्या बसथांब्यावर उभे राहून तीस किलोमीटरच्या परिघातले समानधर्मी दिसतात, तेव्हा दूर जाण्याची गरजच काय, असे काहींना वाटते. पण ज्याला त्या छोट्या पडद्यावर आपलाच विद्यार्थी किंवा आपलाच तलाठी दिसला, तो त्याच रात्री तिकिटाची चौकशी करतो.

मग तिकीट कोठचे काढावे? मला विचाराल तर, एकत्र प्रवासाचा अनुभव नसलेल्या, मराठी मोकळेपणाने आणि हिंदी कामापुरती बोलणाऱ्या जोडप्याने पहिला आठवडा कलकत्त्यास काढावा. तो डिसेंबरात काढावा, म्हणजे हवा चांगली असते आणि हल्ली तेथील इंद्रधनुषी पदयात्रा त्याच महिन्यात निघते. सडर स्ट्रीटच्या बाजूला खोल्या स्वस्त पडतात; ट्रामचे फाटे आता फार थोडे उरले असले तरी मैदानाकडून जाणारी गाडी चुकवू नये; सकाळ कॉलेज स्ट्रीटला आणि संध्याकाळ नदीच्या घाटावर घालवली, तर सात दिवसांत पाकिटातले पैसे संपत नाहीत. दुर्गापूजेचे दिवस मात्र टाळावेत, कारण तेव्हा हावड्याकडचे आरक्षण महिन्याआधीच भरते आणि लॉजचे दर दुप्पट होतात. मुंबई दुसऱ्या खेपेस, थोडी भीड चेपल्यावर आणि थोडी शिल्लक पडल्यावर, जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत करावी. तेथला मोर्चा हल्ली त्या सुमारास असतो. तिकडे जाताना विदर्भ एक्स्प्रेस घ्यावी, कारण ती गोंदियाहूनच सुटते, डबे रिकामे लागतात, आणि दोन शेजारशेजारचे बर्थ मागितले तर सहसा मिळतात.